कडेवरची चांदणी

माझ्या सासऱ्यांची रुमी टोपी आमच्या दुर्बिणीच्या तोंडावर बेतून शिवल्यासारखी बसायची. लाल, उभट, काळ्या गोंड्याची टोपी. निजामाच्या अमदानीत ते माल म्हणजे महसूल खात्यात पेशकार होते आणि कचेरीत उघड्या डोक्यानं जायची रीत नव्हती. आधी सासरे गेले, मग ते राज्य गेलं, टोपी ट्रंकेत राहिली. ती आमच्या ह्यांनी बाहेर काढली आणि दुर्बिणीचं झाकण केली. परसात दुर्बीण आकाशाकडे तोंड करून उभी आणि तिच्यावर ती टोपी, असं दिसलं की सासूबाई मागच्या दारातून बाहेर पडताना हमखास पदर डोक्यावर ओढून घ्यायच्या. मी हसले की म्हणायच्या, "हास, हास. चाळीस वर्षांची सवय आहे ती."

झाकण लागायचं ते रेल्वेसाठी. आमचं भाड्याचं घर काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत होतं. गाडी आली की फळीवरची भांडी वाजायची आणि परसातली जमीन पायाखाली हुळहुळायची. ताऱ्यांचा फोटो काढताना ती थरथर चालत नाही. म्हणून शिटी ऐकू आली की हे स्टुलावर चढून दुर्बिणीला टोपी घालायचे आणि गाडी गेली, जमीन निवली की काढायचे. आतल्या काचेच्या प्लेटवर उजेड पडायचा थांबला की ती जिथल्या तिथं थांबते, मधे गाडी येऊन गेली हे तिला कळतही नाही. वीस मिनिटांच्या एका फोटोत कधी एक गाडी निघायची, कधी शंटिंगचं इंजिन उगीच दोन-दोनदा येऊन जायचं.

माझं काम तारा धरायचं. मोठ्या नळीच्या अंगाला एक छोटी दुर्बीण पितळी पट्ट्यांनी जखडलेली होती आणि तिच्यात कोळ्याच्या जाळ्याचे दोन धागे फुलीसारखे ताणून बसवले होते. अंधारात धागे दिसत नाहीत, म्हणून तारा मुद्दाम धूसर करायचा. तो वाटाण्याएवढा झाला की त्याच्यावर काळी फुली दिसते. पृथ्वी फिरते तसा तारा फुलीवरून सरकायला बघतो, मी स्क्रू केसभर फिरवून त्याला जागेवर आणायचं. पौषात दिवेलागणीनंतर कृत्तिका जवळजवळ डोक्यावर असतात, त्यामुळं छोट्या दुर्बिणीला डोळा लावायला मला सतरंजीवर उताणं झोपावं लागायचं. स्वयंपाक उरकायचा, पदर खोचायचा आणि परसात जाऊन आडवं व्हायचं. शेजारपाजारचे काय म्हणत असतील ते त्यांचं त्यांना माहीत. चातुर्मासात लाख वाती एकसारख्या वळलेल्या माझ्या बोटांचं ह्यांना फार कौतुक होतं. म्हणायचे, "असा हात कॉलेजातल्या प्रोफेसरला नाही."

फोटो कृत्तिकांचाच. दुसऱ्या कशाचा आम्ही कधी काढला नाही, चंद्राचासुद्धा नाही. आणि त्या दिवसांत मला जगात सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटत असेल, तर तो फोटो नीट निघण्याची.

आमची मुलगी पाच वर्षांची होती. एकुलती एक. नाव घेत नाही, अजून तोंडातून निघत नाही. बडबडी, धीट, आणि त्या थंडीत तिला खोटं बोलायची खोड लागली होती. म्हणजे डब्यातलं खोबरं खाल्लं आणि नाही म्हणाली, एवढंच. पण मी पडले तापट. ही खोड मोडल्याशिवाय राहायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

मार्गशीर्षातली संध्याकाळ. परसातल्या हौदाचा कठडा फुटला होता, तो त्या दिवशी गवंड्यानं सिमेंट लावून नवा केला होता आणि अजून ओला होता. आम्ही सगळे मागच्या पायरीवर बसलो होतो. शेजारची तेलुगू अम्मा शेंगा घेऊन आली होती. ह्यांनी मुलीला बोट दाखवून कृत्तिका दाखवल्या आणि मोजायला सांगितल्या. ह्यांना सहा दिसायच्या, मला सहा, सासूबाईंना नुसता पुंजका. पण त्या म्हणाल्या, "सहाच असतात. सहा कृत्तिकांनी कार्तिकस्वामीला दूध पाजलं, म्हणून तर त्याला सहा तोंडं." पोरीनं बोट हवेत टोचत मोजलं आणि म्हणाली, "नऊ."

"परत मोज."

"नऊच. इकडं टोकाला दोन आहेत. मोठीच्या कडेवर छोटी बसली."

अम्मा हसली. मला ते हसणं लागलं. पोर शेजाऱ्यांसमोर मोठेपणा मिरवायला लागली, आता हिला आवरलं नाही तर कधी आवरणार, असं डोक्यात गेलं. तिला उठवून उभी केली. हातांची अढी घालून कान धरायला लावले आणि म्हटलं, "सहा आहेत म्हण."

"पण आई, नऊ—"

"सहा म्हण."

अम्मा मधे पडली. "छोडो ना, कायकू डाटते बच्ची कू? हमारे में इसकू पिल्लोंवाली मुर्गी बोलते. मुर्गी के पिल्ले कौन गिनता जी?" मी तिच्याकडेही बघितलं नाही. हे शेजारीच बसले होते. पोरीनं त्यांच्याकडे बघितलं. हे शेंग सोलत राहिले. मग ती कान धरून, खाली बघत म्हणाली, "सहा आहेत."

तिला मी पाय धुवायला हौदावर पाठवलं. बराच वेळ आली नाही तेव्हा दारातून ओरडले, "पाय धुतेस की अंघोळ करतेस?" आली, जेवली, माझ्याकडे पाठ करून झोपली. त्यानंतर अकराव्या दिवशी तिला ताप भरला. घसा सुजला, श्वास लागायला लागला. बरकतपुऱ्याचे डॉक्टर सायकलरिक्षानं आले, घसा बघितला आणि ह्यांना बाहेर घेऊन गेले. घटसर्प होता. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. मधल्या त्या दहा दिवसांत आमच्यात पुष्कळ बोलणं झालं असेल, मी तिची वेणी घातली असेल, तिला हसवलंही असेल. मला त्यातलं काही आठवत नाही. मला "सहा आहेत" एवढंच आठवतं.

ह्यांनी त्या गोष्टीचा उच्चार केला नाही. वर्षश्राद्ध झालं आणि त्यांनी आरसा घासायला घेतला. हे सरकारी हायस्कुलात सायन्स शिकवायचे. ते स्वतः सायन्स उर्दूतून शिकलेले, त्यामुळं कृत्तिकांना त्यांच्या तोंडी सुरैया यायचं आणि भिंगाला अदसा. सहा इंची जाड काच कुठून तरी मिळवली, रॉकेलच्या रिकाम्या पिंपावर बसवली आणि शाळेतून आले की पिंपाभोवती फिरत काचेवर काच घासायचे. खर्र, खर्र, खर्र. दोन घास, एक पाऊल. दोन घास, एक पाऊल. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. त्या आवाजानं माझं डोकं उठायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "हे काय चालवलंय? घाण्याचा बैल तरी तेल काढतो." ते थांबले नाहीत. म्हणाले, "मी मास्तर आहे. मुलांना सांगतो, स्वतः बघा, मग लिहा. आणि त्या दिवशी मी पण सहाच म्हणालो. ती माझ्याकडे बघायली होती आणि मी शेंगा सोलत बसलो."

तेव्हा मला कळलं की आरसा कशासाठी आहे. प्रश्न एवढाच होता, की आमची मुलगी खरं बोलली होती की खोटं. तो त्यांना सोडवत नव्हता आणि मला तो सुटायला नको होता. ती खोटं बोलली असेल तर मी एक कडक आई, गल्लीत पन्नास होत्या. ती खरं बोलली असेल तर मी एका खरं बोलणाऱ्या लेकराला मरायच्या आधी खोटं बोलायला लावलं होतं.

दुर्बीण तयार झाली त्या दिवशी त्यांनी बघितलं आणि घरात येऊन दारात उभे राहिले. "आहेत," म्हणाले. "टोकाला दोन आहेत. चल, बघ."

मी कणीक मळत होते. म्हटलं, "तुम्ही बाप आहात. तुम्हाला दिसणारच."

"तू ये ना."

"नक्को. मी आई आहे, मला भलतंच काही दिसेल. आणि त्या नळीतून म्हणे शंभर तारे दिसतात, मग जोड्या काय हव्या तेवढ्या सापडतील." मी गेले नाही. डोळाच लावला नाही. ते म्हणाले, "ठीक आहे. प्लेट कुणाची आई-बाप नसते. प्लेटवर घेऊ." दुर्बिणीतून एका वेळी तुकडाच दिसायचा, फोटोत सगळा पुंजका एकत्र आला असता, तो घेऊन मी कधीही, कुठंही, एकटीनं बघितला असता. फोटो माझ्यासाठी होता. आणि तारा धरायला दुसरं माणूस हवं होतं, तेही मीच. नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

चिक्कडपल्लीच्या एका फोटोवाल्याकडून त्यांनी जुन्या प्लेटांचा डबा आणला. पत्त्याच्या पानाहून थोड्या मोठ्या काचा, डझनभर, जरा शिळ्या. न्हाणीघराच्या खिडकीला कांबळं लावून, दिव्याला लाल कागद गुंडाळून तिथं प्लेट धुवायची. पहिल्या प्लेटवर तारे आले, पण प्रत्येक ताऱ्याची रेघ झालेली. दुसरीवर तसंच. हे काच उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "रेल्वे." मी म्हणायचे, "हो ना, मेली रेल्वे."

रेल्वे नव्हती. मी तारा सोडत होते.

कसं ते सांगते. पहिली दहा मिनिटं मी अगदी इमानानं धरायचे. मग सतरंजीवर, माझ्या डाव्या कानाशी, मोजणं सुरू व्हायचं. मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. अमावास्येला एकटी परसात भांडी घासत आले आहे आणि घाबरणाऱ्यांची टिंगल करत आले आहे. तरी सांगते, एक, दोन, तीन असं हळू, बोट टोचत टोचत मोजणं यायचं. चार. पाच. सहा. आणि तिथं थांबायचं. पुढं नुसता श्वास, सातवा आकडा ओठांवर येऊन थांबल्यासारखा, ती परवानगीची वाट बघत असल्यासारखा. मला ते सहन व्हायचं नाही. माझी बोटं स्क्रूवरून उठायची आणि वाटाणा फुलीवरून सरकत सरकत कडेला जायचा. मी त्याला जाऊ द्यायची. मग परत आणायची. वर हे घड्याळ बघत उभे असायचे, त्यांना काय दिसणार? अशा मी दोन हिवाळ्यांत अकरा प्लेटा घालवल्या. दर वेळी रेल्वेला शिव्या घातल्या, त्या ह्यांच्याहून मोठ्यानं.

शिव्यांचं म्हणाल तर गवंड्यालाही मी सोडलं नव्हतं. हौदाचा तो नवा कठडा त्यानं खडबडीत ठेवला होता, कोपऱ्याशी भोकंभोकं राहिली होती. धुणं धुताना साबण त्यात अडकायचा. सुतकातून उठल्यावर केव्हातरी तो रस्त्यात भेटला तेव्हा मी त्याला झापलं. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "अल्ला कसम अम्मा, मैं बराबर फेरा था." मी म्हटलं, खोटं बोलू नकोस.

मग राज्याची वाटणी झाली. तीन भाषा, तीन वाटे. तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसुरात, मराठवाडा मुंबई राज्यात. कचेऱ्यांतून मिसली, म्हणजे फायली, वाटल्या, माणसं वाटली. ज्याला त्याला एकच विचारणं, तुमचं नाव कुठल्या यादीत? सात पिढ्या हैदराबादेत काढलेली माणसं रात्रीतून औरंगाबादची, परभणीची झाली. ह्यांनी इथंच ठेवा म्हणून दरख्वास्त दिली होती. तिचं काय झालं ते विचारायला ह्यांनी दहा चकरा मारल्या. शेवटी दिवाळीनंतर हुकूम आला तो औरंगाबादच्या हायस्कुलाचा, पौष संपायच्या आत हजर व्हा. घरमालकांनी सांगितलं, तुम्ही गेलात की परसात दोन खोल्या काढणार, हौद तेवढा फोडावा लागेल. मी म्हटलं, फोडा की, चांगला कधी होता तो?

खरं म्हणजे मी सुटले होते. हे परस सुटणार होतं, ही सतरंजी. औरंगाबादेत भाड्याची खोली मिळणार होती, तिथं दुर्बीण उभी करायला जागा कुठून येणार? प्लेटांच्या डब्यात एकच काच उरली होती. सामान बांधायला काढल्यावर मी तो डबा पोत्यात खाली, भांड्यांच्या तळाशी घातला. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी पोतं सोडलं, भांडी बाजूला काढली आणि डबा घेतला.

"उद्या गाडी आहे," मी म्हटलं. "आता हे काय करायलात?"

"शेवटची आहे. वीस मिनिटं."

सासूबाई देवघरातल्या मूर्ती पंच्यात गुंडाळत होत्या. त्या म्हणाल्या, "जा गं. मुलगा म्हणतोय तर जा." मी गेले. सतरंजीसुद्धा बांधून झाली होती, तशीच जमिनीवर आडवी झाले. जमीन गार होती. तारा फुलीवर आणला. हे स्टुलावर चढले, टोपी काढायला हात घातला आणि थांबले.

"ऐक," म्हणाले. आवाज अगदी साधा, वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता बोलावं तसा. "रेल्वेनं तारा थरथरतो. त्याची जाडी वाढते, कडा फाटतात. सरळ रेघ होत नाही. सरळ रेघ, एकाच बाजूला गेलेली, सगळ्या ताऱ्यांना सारखी, ती सोडल्यावर होते."

मी डोळा काढला नाही. काढला असता तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

"कधीपासून कळलं?"

"पहिल्या प्लेटपासून."

अकरा प्लेटा. अकरा वेळा ह्या माणसानं काच उजेडात धरून रेल्वे म्हटलं होतं. रागावले असते, एक शब्द टाकून बोलले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि वाटाणा पसरला, फुली दिसेना. वरून ते म्हणाले, "पूस डोळे. घाई नाही. पण आज सोडू नकोस."

त्यांनी टोपी काढली.

दहा मिनिटं गेली असतील. मोजणं आलं. एक. दोन. तीन. मी स्क्रू धरून ठेवला. चार. पाच. शिटी झाली, ह्यांनी टोपी घातली, गाडी आली, सगळी जमीन माझ्या पाठीखाली हलली. ती जाईपर्यंत मोजणंही थांबलं होतं. टोपी निघाली. सहा. मग तो श्वास. माझी बोटं उठायला लागली आणि मी ती दाबून धरली, नखं पांढरी होईस्तोवर. तारा सरकला की आणला, सरकला की आणला. त्या श्वासाशेजारी मी उरलेली मिनिटं पडून राहिले. इतकी जवळ मी तिच्या आजारपणातही बसले नव्हते. तेव्हा मला धीर नव्हता, मी सारखी उठून पाणी तापवायला जायची. "झालं," हे वरून म्हणाले, तेव्हा माझा खांदा आखडला होता आणि मला उठून बसवावं लागलं.

प्लेट त्यांनी न्हाणीघरात एकट्यांनीच धुतली, परातीत पाणी बदलून बदलून, आणि बाहेर हौदाच्या कठड्यावर वाळत उभी करून ठेवली. सकाळी हातगाडीवाल्याला बोलवायला गेले, जाता जाता एवढंच म्हणाले, "काच आहे हौदावर. उलटी-सुलटी धरून बघ, जशी आकाशात दिसते तशी दिसेल. बघायची असली तर."

मी आधी चूल सारवली. मग उरलेले दोन तांबे धुतले. मग दुसरं काहीच करायला नव्हतं.

काच आकाशाकडे धरली. निगेटिव्हवर असतात तसे तारे काळे, ठिपके ठिपके, मोहरीएवढे, राईएवढे. रेघ एकालाही नाही. बारीक बारीक पुष्कळ होते, पण मोठे कुठले ते शेंबडं पोरही सांगेल. सहा आमचे, सगळ्यांना दिसणारे. त्यांच्यामधे जरा लहान दोन. आणि टोकाला एक मोठी, तिला अगदी लागून, वरच्या अंगाला, एक लहान. कडेवर. नऊ. मी तीनदा मोजलं आणि तीनदा नऊ आले.

काच परत ठेवायला वळले. हौदाच्या कठड्यावर हात टेकला तो नेमका त्या खडबडीत कोपऱ्यावर. ह्यांनी रात्री परातीतलं पाणी तिथंच ओतलं होतं आणि ते भोकांत साचून राहिलं होतं. सकाळच्या उन्हात ती एवढी एवढी डबकी चकाकत होती. मी बघत राहिले. चार वर्षं मी त्या भोकांवरून धुणं घासलं होतं. माझ्या तळव्याला ती पाठ होती, टोकाचं जोडभोक तर विशेष, साबण तिथंच अडकायचा. एक खोल आणि त्याला लागून वर एक उथळ.

मोजायची गरज नव्हती. तरी मोजली.

पाय धुवायला पाठवलेली पोर एवढा वेळ काय करत होती ते मला तेव्हा कळलं. कान सोडल्यावर, तोंडानं सहा म्हणून झाल्यावर, ती अंधारात ओल्या सिमेंटपाशी उभी राहिली होती आणि वर बघून, बोट टोचून टोचून, जे दिसत होतं ते सगळं तिनं लिहून ठेवलं होतं. आणि मी दारातून ओरडत होते. गवंडीसुद्धा खरंच बोलला होता.

हे परत आले, तेव्हा मी तिथंच होते. मी त्यांच्यापुढं काच धरली आणि कठड्याकडे बोट केलं. त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी खाली वाकून आपलं बोट भोकात घालून बघितलं, ते मावलं नाही. माझं घातलं, तेही नाही. करंगळी तेवढी बसली, नखापर्यंत, आणि तळाशी पाणी गार लागलं. आमचे हे भिंतीशी तोंड करून उभे राहिले. बाहेर हातगाडीवाला हाका मारत होता, सासूबाई आतून विचारत होत्या, "काय झालं? अगं, काय झालं?"

मी हौदासमोर उभी राहिले, हातांची अढी घातली आणि दोन्ही कान धरले.

"नऊ आहेत," म्हटलं. "बाळा, नऊ आहेत."

मोठ्यानं म्हटलं. शेजारची अम्मा भिंतीवरून बघत होती, तिलाही ऐकू गेलं असेल. जावं. तिच्यासमोरच तर मी सहा म्हणायला लावलं होतं.

दुपारच्या गाडीनं आम्ही निघालो. हौद पुढं घरमालकांनी फोडला, तसं पत्र आलं होतं. प्लेट माझ्याकडे आहे, त्या रुमी टोपीत घालून कपाटात ठेवलेली. औरंगाबादला आम्हाला खोलीच मिळाली, पण वर गच्ची होती. पहिल्या पौषापासून मी दिवेलागणीनंतर तिथं सतरंजी टाकून उताणी पडत आले. दुर्बीण विकून टाकली होती, नुसत्या डोळ्यांनी बघायचे. मोजणं ऐकू आलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, हे गेले त्या वर्षीही नाही. नऊ म्हटल्यावर तिचं काम झालं असेल, असं हे म्हणायचे. ते मास्तर होते, त्यांना उत्तर मिळालं की पुरे होतं. मला पुरत नाही. आता डोळ्यांना नुसता पुंजका दिसतो, सासूबाईंना दिसायचा तसा. तरी पडून राहते आणि डावा कान मोकळा ठेवते. सहापर्यंतच मोजलंस तरी चालेल गं, मी काही म्हणणार नाही.